काताचा रंग टिकला पाहिजे: एटीआरपीतलं पहिलं वर्ष

पीएचडीला लागले तेव्हा वाटत होतं, आता रोज नवा कॅटॅलिस्ट बनवायचा. प्रत्यक्षात पहिले काही महिने श्लेंक लाइनचे, म्हणजे हवा न लागू देता काम करायच्या व्हॅक्यूम-नायट्रोजनच्या काचेच्या नळ्यांचे, कॉक पुसण्यात आणि त्यांना ग्रीस लावण्यातच गेले. आता लॅबमध्ये कुणी ज्युनियर आला की मीही त्याला आधी तिथेच उभं करते. शिव्या खाते, पण करते.

एटीआरपी म्हणजे अ‍ॅटम ट्रान्सफर रॅडिकल पॉलिमरायझेशन, मोनोमर नावाचे छोटे रेणू एकामागोमाग एक जोडून पॉलिमरच्या लांब साखळ्या बनवायची एक पद्धत. 1995 मध्ये क्योटोत सावामोतो यांच्या गटाने रुथेनियम वापरून आणि पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनमध्ये मातियाशेव्स्की यांच्या गटाने तांबं वापरून ही वाट स्वतंत्रपणे शोधली. कॉपर वन आणि कॉपर टू ही तांब्याचीच दोन रूपं, टूमध्ये एक इलेक्ट्रॉन कमी. कॉपर वन साखळीच्या टोकावरचा ब्रोमीन उचलतं. जागं झालेलं टोक थोडे मोनोमर जोडून घेतं, तेवढ्यात कॉपर टू ब्रोमीन परत आणून बसवतं. साखळ्या बहुतेक वेळ झोपलेल्याच असतात. त्यामुळे दोन जागी टोकं एकमेकांना भिडून संपणं कमी होतं आणि सगळ्या साखळ्या जवळपास सारख्या वाढतात.

यात हवा शिरली की संपलं. आमची सुरुवातीची रिअ‍ॅक्शन म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट, अ‍ॅनिसोल, कॉपर ब्रोमाइड आणि बायपिरिडीन (तांब्याला धरून ठेवणारा रेणू, म्हणजे लिगँड), 90 अंशांवर. सगळं नीट असेल तर फ्लास्कमध्ये पानातल्या काताचा रंग येतो, गडद तांबूस तपकिरी. माझ्या पहिल्या बॅचमध्ये तो अर्ध्या तासात हिरवट झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एनएमआरमध्ये, म्हणजे रेणू ओळखायच्या तपासणीत, मोनोमर होता तसाच. सेप्टमला (फ्लास्कच्या तोंडावरच्या रबरी बुचाला) एकाच जागी चार-पाच वेळा सुई टोचली होती, तिथून हवा आत येत होती. शिवाय बाटलीतलं कॉपर ब्रोमाइडही हिरवट होतं आणि मी ते तसंच वापरलं होतं. ते पांढरंच हवं. ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये ढवळायचं, गाळायचं, इथेनॉलने धुवायचं, व्हॅक्यूममध्ये सुकवून नायट्रोजनखाली ठेवायचं.

फ्रीझ-पंप-थॉ, म्हणजे द्रव गोठवून वरची हवा पंपाने ओढायची आणि मग वितळू द्यायचं, हे तीन वेळा तरी करा, आणि पहिल्यांदा एकट्याने करू नका. लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवलेला फ्लास्क हवेला उघडा राहिला तर आत लिक्विड ऑक्सिजन जमतो. सेंद्रिय द्रवात निळसर थेंब दिसले तर तिथे रेंगाळायचं नाही, लगेच सगळ्यांना बाहेर काढून सीनियरला सांगायचं. या बाबतीत लाज बाळगू नका.

आता ज्या चुकीने माझे दोन आठवडे खाल्ले ती सांगते. शंभर मोनोमरला एक इनिशिएटर (साखळी सुरू करणारा रेणू, एका रेणूमागे एक साखळी) या प्रमाणात, 80 टक्के मोनोमर वापरला गेल्यावर मॉलिक्युलर वेट साधारण 8,000 यायला हवं होतं. जीपीसीत, म्हणजे साखळ्यांची लांबी मोजायच्या तपासणीत, आलं साडेदहा हजारांच्या आसपास. मी लिगँड बदलला, तापमान बदललं, कॅटॅलिस्टला नावं ठेवली. सरांनी ग्राफ बघून एवढंच विचारलं, ‘‘डिस्पर्सिटी किती?’’ डिस्पर्सिटी म्हणजे साखळ्यांच्या लांबीत किती फरक आहे ते; सगळ्या एकसारख्या असतील तर 1. माझी होती 1.2. म्हणजे साखळ्या सारख्याच वाढल्या होत्या, फक्त संख्येने कमी होत्या. दोष इनिशिएटरच्या मापात! 10 मिलिलीटर मोनोमरला तो जेमतेम 137 मायक्रोलीटर लागतो आणि माझ्या सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा होता. तेव्हापासून मी इनिशिएटर वजनाने घेते, सिरिंज आधी आणि नंतर तोलून.

त्यामुळे जीपीसीचा ग्राफ आला की आकडा आणि आकार वेगवेगळे वाचा. आकडा चुकला पण शिखर अरुंद असेल तर आधी माप तपासा. शिखराला शेपूट फुटली असेल तर साखळ्या मध्येच मेल्या आहेत, मग हवा, तापमान, कॉपर टूचं प्रमाण यांच्याकडे वळा.

करिअरचं म्हणाल तर एटीआरपीवाल्यांची वेगळी भरती कुठे निघत नाही. पेंट, कोटिंग, डिस्पर्संट, बायोमटेरियल असल्या कामांत ही पद्धत उपयोगी पडते. पण मुलाखतीत ‘‘पॉलिमरमध्ये उरलेलं तांबं कसं काढणार?’’ हा प्रश्न येतोच. अ‍ॅल्युमिनाचा कॉलम, म्हणजे पॉलिमरचं द्रावण त्यातून गाळून तांबं मागे ठेवायचं, हे लॅबचं उत्तर झालं. टनांनी पॉलिमर बनवायचा तर तांबं मुळातच पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत काही भाग इतकंच, घालायचं आणि अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडसारख्या रिड्यूसिंग एजंटने कॉपर टूचं पुन्हा कॉपर वन करत राहायचं, हे ठाऊक असू द्या.

माझ्या पहिल्या यशस्वी बॅचची पावडर अजून ड्रॉवरमध्ये आहे. मिथेनॉलमध्ये पाडली तेव्हा बर्फासारखी दिसली होती, ओव्हनमधून काढल्यावर किंचित हिरवी. कॉलम आखूड पडला होता.