टाळलेला वसुलीचा फोन: मनाची अडचण दूर कशी करावी

दालमिल असो, जिनिंग असो की केळीचा व्यापार, हिशेब सांभाळणाऱ्याच्या खातेवहीत एखादी थकलेली उधारी असतेच. तिच्या वसुलीचा फोन रोज ‘सकाय करसू’ म्हणत पुढे ढकलला जातो. हा आळस नव्हे; बाकीची कामं तोच माणूस झपाट्याने उरकतो. ज्यांच्याकडे पैसे अडकलेत ते शेठ चिडतील, संबंध तुटेल, ही धास्ती असते. फोन टाळला की लगेच हायसं वाटतं आणि टाळल्याने सुटका होते, एवढंच मन शिकतं. म्हणून दुसऱ्या दिवशी तोच फोन जास्त जड जातो.

आधी धास्ती कागदावर एका वाक्यात उतरवा. ‘टेन्शन आहे’ एवढ्याने भागत नाही. ‘पैसे मागितले तर शेठ पुढचा माल दुसरीकडून घेतील’ असं नेमकं हवं. त्याखाली लिहा: असं आजवर खरंच कितीदा झालं, आणि झालंच तर काय करायचं? बाकी रकमेचे तीन हप्ते पाडून द्यायची तयारी ठेवली तरी भीती बरीच ओसरते. ‘सगळं छान होईल’ अशी समजूत मात्र घालू नका, मनाला ती पटत नाही.

मग दोन मिनिटांत संपेल एवढाच पहिला तुकडा घ्या: खातेउतारा काढून बाकी रक्कम आणि बिलाची तारीख चिठ्ठीवर टिपा. बोलायचं वाक्यही लिहून ठेवा: ‘शेठ, १२ तारखेच्या बिलातले ४० हजार बाकी आहेत, या आठवड्यात किती जमतील?’ ‘जमलं तर बघा’ म्हणालात तर उत्तरही मोघमच येणार.

‘सकाळी करेन’ हा बेत टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ च्या लेखात मांडलेली जर-तर पद्धत वापरा: ‘दहाचा चहा संपला की पहिला फोन शेठला.’ खूण रोज हमखास घडणारी निवडा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो, दुपारी डोकं तापतं आणि समोरच्याचंही. तेव्हा अवघड बोलणी ११ च्या आत आटपा.

बहुतेकांचं बिनसतं ते दोन ठिकाणी. एक, जोशात पहिल्याच दिवशी सगळ्यात तिरसट पार्टीला फोन लावतात, बोलणी खातात आणि महिनाभर गप्प बसतात. सुरुवात मवाळ पार्टीपासून करा, रोज एकच. दुसरं, फोनऐवजी व्हॉट्सॲपवर मेसेज टाकणं किंवा तोच उतारा चौथ्यांदा तपासणं. ही तयारी वाटते, पण असते टाळाटाळच. मालकांनीही ‘अजून का नाही केला?’ असं सगळ्यांसमोर विचारू नये, माणूस मग आकडेच लपवू लागतो.

झोप, भूक दोन आठवडे बिघडलेली असेल तर या युक्त्यांवर विसंबू नका. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी, मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं.