अल्फा-बीटा औषधांवरचा शोधनिबंध कसा वाचावा

कराड, मिरज किंवा शिरवळ येथे वैद्यक, औषधनिर्माण किंवा पशुवैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर कधी ना कधी वर्गात शोधनिबंध मांडण्याची पाळी येते आणि बहुतेक जण सारांश वाचून थेट निष्कर्षावर जातात. अ‍ॅड्रिनॅलिनच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरील संदेश स्वीकारणाऱ्या रिसेप्टरांवर, काम करणाऱ्या औषधांच्या बाबतीत ही सवय फार घातक आहे, कारण तेच औषध बैलात, उंदरात आणि माणसात निरनिराळे वागते आणि या फरकाचा उलगडा सारांशात नव्हे, तर ‘साहित्य व पद्धती’ या रटाळ वाटणाऱ्या भागात होतो. म्हणून वाचनाला सुरुवात तेथूनच करावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

सर्वप्रथम औषध नेमके कोणत्या ग्राहीवर बसते ते वहीत लिहावे. १९४८ मध्ये रेमंड आल्क्विस्ट यांनी अल्फा आणि बीटा अशी विभागणी मांडली. आज अल्फा-१ चे तीन, अल्फा-२ चे तीन आणि बीटाचे तीन असे नऊ उपप्रकार मानले जातात. औषध त्या ग्राहीला चेतवते की अडवते, हेही त्याच ओळीत नोंदवावे. निबंधात ‘निवडक’ हा शब्द आला की लगेच मात्रा पाहावी, कारण निवडकपणा मात्रेवर अवलंबून असतो. अ‍ॅटेनोलॉल हे रक्तदाबावरचे औषध कमी मात्रेत प्रामुख्याने हृदयातील बीटा-१ अडवते, पण मात्रा वाढवत नेली तर श्वासनलिकांतील बीटा-२ ही अडू लागतात. दम्याच्या रुग्णाला ते देताना डॉक्टर बिचकतात ते याचमुळे.

त्यानंतर प्राणी कोणता, हे पाहावे. माण तालुक्यात खिलार बैलाच्या शिंगाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करताना मी झायलाझिन हे अल्फा-२ ला चेतवणारे औषध अनेकदा वापरले आहे. चारशे किलोच्या बैलाला किलोमागे ०.०५ मिलीग्रॅम या हिशेबाने स्नायूत अवघे २० मिलीग्रॅम, म्हणजे गुरांसाठीच्या नेहमीच्या द्रावणाचे एक मिलीलिटर दिले जाते. “डॉक्टरसाहेब, एवढ्याशा औषधानं हे धूड झोपतंय व्हय?” असे मालक विचारतो आणि तेवढ्यात बैलाची मान खाली येऊ लागते, पापण्या जड होतात, तोंडातून लाळेची तार लोंबते. घोड्याला मात्र स्नायूतून किलोमागे २.२ मिलीग्रॅमपर्यंत द्यावे लागते आणि डुक्कर तर या औषधाला फारशी दादच देत नाही. औषध तेच, ग्राहीचे नावही तेच, तरीही गुरांना घोड्याच्या मात्रेचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी पुरतो. त्यामुळे ‘प्राण्यांमध्ये परिणामकारक’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्या वाक्यातून हाती काहीच लागत नाही, असे मी मानतो.

आता भुलीच्या परिच्छेदाकडे वळावे. या विषयात सर्वांत जास्त फसगत येथेच होते, म्हणून तो दोनदा वाचावा. उंदरांना भूल देण्यासाठी केटामाइन आणि झायलाझिन ही जोडी सर्रास वापरतात. झायलाझिन स्वतःच अल्फा-२ चेतवत असल्यामुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी सुटते आणि रक्तातील साखर वाढते. रक्तदाब आधी थोडा चढून मग उतरतो आणि हृदयाचे ठोके मंदावतात. समजा, अशाच भुलीत ठेवलेल्या उंदरांना एखाद्या वनस्पतीचा अर्क दिला आणि साखर खाली आली. हा अर्क मधुमेहावर गुणकारी आहे, असे लेखक लिहून मोकळे होतील. परंतु त्या अर्कात योहिम्बिनसारखा अल्फा-२ अडवणारा घटक असेल, तर त्याने मधुमेहावर काहीही न करता केवळ झायलाझिनचाच परिणाम उलटवलेला असू शकतो. फक्त भूल दिलेला तुलनागट ठेवला तरी ही शंका फिटत नाही, कारण अडचण भूल आणि औषध यांच्या परस्परक्रियेत आहे. साखर जागेपणी मोजली होती का, किंवा दुसऱ्या प्रकारची भूल देऊन प्रयोग पुन्हा केला होता का, हे शोधावे. उत्तर मिळाले नाही, तर वर्गात तसे स्पष्ट सांगावे.

मात्रेचे रूपांतर करताना किलोचा सरळ गुणाकार करू नये. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने मोठ्या उंदराची, म्हणजे रॅटची, किलोमागची मात्रा सुमारे ६.२ ने भागली की माणसाची समतुल्य मात्रा मिळते. रॅटला किलोमागे १० मिलीग्रॅम दिले असतील, तर साठ किलोच्या माणसासाठी आकडा ६०० नव्हे, तर ९७ च्या आसपास येतो. हाही केवळ अंदाज आहे; मानवी चाचणीची पहिली मात्रा ठरवताना सुरक्षिततेसाठी तो सामान्यतः आणखी किमान दहाने भागतात. शिवाय गणित बरोबर आले तरी ग्राहीच वेगळा असू शकतो. उंदरांची चरबी झपाट्याने जाळणारी सुरुवातीची बीटा-३ औषधे माणसांत निष्प्रभ ठरली, त्यामागे दोन्ही जातींच्या ग्राहींमधील फरक हे एक मोठे कारण होते.

मानवी अभ्यास कसा वाचावा, याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारीच आहे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरमार्गे गेले की महाड लागते, तेथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा वापर रूढ केला. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचू शकते. प्राझोसिन अल्फा-१ अडवून त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ७० रुग्णांची चिठ्ठीपद्धतीने दोन गटांत विभागणी केली होती. नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८, तर प्राझोसिनबरोबर प्रतिविषही दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्णांची लक्षणे दहा तासांत ओसरली.

हे आकडे वाचताना चाचणी उघड होती, म्हणजे कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते, याची नोंद घ्यावी. म्हणून घाम, लाळ, थंडगार हातपाय अशी लक्षणे कोणी आणि कोणत्या निकषाने तपासली, हे पाहावे. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर उभे राहताच रक्तदाब एकदम घसरू शकतो; तेव्हा रुग्णाला आडवे ठेवले होते का आणि दाब किती वेळाने मोजला, हे पद्धतीच्या भागातून शोधून काढावे. शेवटी भारतीय चाचणी-नोंदवहीतील क्रमांक शोधून, आधी जाहीर केलेला मुख्य परिणाम आणि निबंधात छापलेला मुख्य परिणाम एकच आहे ना, हे ओळीशी ओळ लावून तपासावे.