संशोधन संस्थेत रुजू होताय? आधी कार्यालयातली माणसं ओळखा

खारघरचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक असो की नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था, अशा ठिकाणी जेआरएफ (छात्रवृत्तीवर काम करणारे कनिष्ठ संशोधक) किंवा प्रकल्प सहायक म्हणून येणाऱ्या मुलांना आपल्या गाइडचे पेपर पाठ असतात. खरेदी विभागात कोण बसतं, हे मात्र सहा महिन्यांनीही ठाऊक नसतं. नवी मुंबईत या क्षेत्रात काही वर्षं काढल्यावर मला वाटतं, पहिल्या आठवड्यातच ही ओळख व्हायला हवी.

संचालक दिशा ठरवतात, मोठ्या खर्चाला मंजुरी देतात, मंत्रालयासमोर संस्थेची बाजू मांडतात. तुमचा दिवस मात्र प्रशासन, लेखा, भांडार आणि वर्कशॉप यांच्या हातात असतो. जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. पण जॉइनिंग रिपोर्ट, हजेरी आणि गाइडची सही वेळेत लेखा विभागात पोहोचली नाही, तर पनवेलचं घरभाडं खिशातून भरावं लागतं.

खरेदीचं जरा सविस्तर सांगतो, कारण नवे लोक इथेच अडकतात. इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणी, टाकला की आधी जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर वस्तू मिळते का ते बघतात, नसेल तर कोटेशन किंवा निविदा. एकाच कंपनीच्या ब्रोशरमधून तपशील जसाच्या तसा उतरवला, तर फाइल शेरा मारून परत येते, आणि ते योग्यच आहे. सरकारी पैसा आहे, स्पर्धा व्हायला हवी. म्हणून सही घेण्याआधी मसुदा खरेदी विभागात घेऊन जा आणि विचारा, ‘‘मॅडम, यात काय अडेल?’’ दहा मिनिटांत सांगतात. आणि हे काम दिवाळीच्या आसपास उरका. ३१ मार्च जवळ आला की सगळ्या संस्थेच्या फाइली त्याच टेबलावर येतात.

भूचुंबकत्व संस्थेचा वारसा बघा. ती ज्या कुलाबा वेधशाळेतून उभी राहिली ती १८२६ ची, तिथल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४१ पासूनच्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप केलं, म्हणून जुनी मालिका नवीशी जोडता आली. निर्णय मूस यांचा, पण रोजची वाचनं घेणारे निरीक्षक नसते तर तो निर्णय कागदावरच राहिला असता. त्यांची नावं आज कुणाला माहीत आहेत?

ज्या तंत्रज्ञाने तुमचा पंप रात्री थांबून चालू केला, त्याचं नाव पेपरच्या आभारात पूर्ण लिहा. ‘तांत्रिक कर्मचाऱ्यांचे आभार’ एवढ्यावर भागवू नका. आणि निवृत्तीला आलेले काका असतील तर वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. त्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये नसलेलं बरंच काही त्यांना माहीत असतं.