पाण्यावरच्या लांबलचक पुलावरून गाडी न्यायचीय? मग हे आधी वाचा

दहा-पंधरा किलोमीटरच्या वरचा पूल असेल ना, तर निम्मं काम पुलावर चढायच्या आधीच उरकायचं असतं, कारण एकदा चढलात की यू-टर्न नाही, पेट्रोलपंप नाही, टॉयलेट तर बहुतेक ठिकाणी नाहीच. अमेरिकेतला लेक पॉन्टचार्ट्रेन कॉजवे घ्या, साधारण ३८ किलोमीटर नुसतं पाणी, मधे तर बराच वेळ कुठलाच काठ दिसत नाही. तेव्हा टाकी अर्धी तरी हवी (ईव्हीवाल्यांनो, समोरून वारा असला की चार्ज भराभर उतरतो), टायरची हवा बघा, आणि पोरं "नाही लागली" म्हणाली तरी एकदा नेऊन आणा. अनुभवाने सांगतोय, पुढचं विचारू नका.

गाडीला परवानगी आहे का तेही बघा. अटल सेतूवर टू-व्हीलर चालत नाही, कॅनडातल्या कॉन्फेडरेशन ब्रिजवर सायकल आणि पायी दोन्ही बंद.

आता वारा. याला लोक हलक्यात घेतात. खरी गंमत सतत वाहणाऱ्या वाऱ्यात नाही, त्याला हात सरावतो, गंमत आहे ट्रकला ओव्हरटेक करताना. ट्रकच्या आडोशाला आलात की वारा एकदम गायब, तुम्ही मात्र स्टिअरिंग नकळत वाऱ्याच्या बाजूला धरून ठेवलेलं असतं त्यामुळे गाडी ट्रककडे सरकते, आणि ट्रकच्या पुढे निघालात की धाडकन थप्पड. म्हणून दोन्ही हात स्टिअरिंगवर, स्पीड थोडा कमी, आणि झटका बसला तरी उलटा झटका द्यायचा नाही, हळूच सावरायचं. मोठ्या केबल पुलांच्या टॉवरजवळही असंच होतं. अमेरिकेतल्या चेसापीक बे ब्रिज-टनेलवर वाऱ्याच्या लेव्हल ठरलेल्या आहेत, त्यात रिकामे ट्रेलर लवकर अडवतात, भरलेले नंतर. उलटं वाटतं पण वजनच नाही तर धरणार कोण गाडीला!

दुसरा शत्रू झोप. पुलाच्या जॉइंटवरून टायर गेले की धप-धप, धप-धप, एका लयीत, वर सगळीकडे एकच रंग, डोळे उघडे असतात पण डोकं बंद. पूल बांधणाऱ्यांनाही हे माहीत आहे, कॉन्फेडरेशन ब्रिज (१२.९ किमी, १९९७) मुद्दाम वळणं घेत नेलाय, आणि चीनच्या हांगझोऊ बे ब्रिजवर (३६ किमी) कठड्याचे रंग थोड्या थोड्या अंतराने बदलतात. तुमच्या पुलावर असं काही नसेल तर क्रूझ कंट्रोल बंद ठेवा, शेजारच्याला बोलतं ठेवा, आणि नजर आरसा, मीटर, रस्ता अशी फिरती ठेवा.

भीती वाटत असेल तर लाजू नका, अमेरिकेतल्याच मेरीलँडच्या चेसापीक बे ब्रिजवर (वरचा ब्रिज-टनेल वेगळा) तर पैसे घेऊन तुमची गाडी पलीकडे नेऊन देणारे ड्रायव्हर मिळतात, म्हणजे विचार करा किती जणांना वाटत असेल. स्वतःच चालवणार असाल तर कठड्यापासून लांबची लेन धरा, पण तीच फास्ट लेन असेल तर हट्ट नको, आणि पाण्याकडे न बघता पुढच्या गाडीकडे बघा.

धुकं असेल तर सरळ वाट बघा, अर्धा तास गेला तर गेला.

गाडी बंद पडली तर हॅझर्ड लावा, शोल्डर (कडेची मोकळी पट्टी) असेल तर तिथे घ्या, खांबावरचा किलोमीटर नंबर वाचून हेल्पलाइनला सांगा. आणि लेनमध्येच अडकलात तर फोटो काढायला, बॉनेट उघडायला खाली उतरू नका, पट्टा लावून आतच बसा.

उतरताना एकच लक्षात ठेवा, इतका वेळ शंभरने चालवल्यावर साठ म्हणजे रांगल्यासारखं वाटतं. अटल सेतूवर कारला १०० आहे आणि रॅम्पवर ४०, तिथे अंदाजावर जाऊ नका, मीटर बघूनच ब्रेक मारा.