जुन्या ट्रायल बाइकचा कार्ब त्रास देतोय? मेन जेटला हात लावू नका

ट्रायल बाइकला, म्हणजे दगडधोंड्यांतून हळू, तोल सांभाळत चालवायच्या बाइकला, फुल रेस आपण देतोच किती? सगळा खेळ पाव थ्रॉटलच्या आतला, तरी बाइक अडखळायला लागली की जो तो आधी कार्बचं (कार्ब्युरेटरचं) मेन जेट, म्हणजे फुल रेसला पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं बूच, उघडून बसतो. मीपण तेच केलं, तीन रविवार जेट बदलत बसलो, आणि शेवटी कळलं की कार्ब आणि इंजिनच्या मधल्या रबराला खालच्या बाजूने बारीक चीर पडली होती, नुसतं बघून दिसायची नाही, बोटाने रबर दुमडलं की तोंड उघडायची.

म्हणून पहिलं काम हवेचं लीकेज. आयडलिंग एकदम वरखाली होतंय किंवा रेस सोडल्यावर आरपीएम लटकून राहतोय, पटकन खाली येत नाही, तर बाहेरून हवा आत शिरतेय समजा. इंजिन चालू ठेवून रबर आणि जॉइंटवर थोडा थोडा कार्ब क्लीनर मारा, आवाज बदलला की जागा सापडली (सायलेन्सर गरम असतो, स्प्रे पेट घेतो, बेताने मारा). टू स्ट्रोकमध्ये तिथे काही सापडलं नाही तर मॅग्नेटच्या बाजूचं क्रँक सील (क्रँकशाफ्टभोवतीचं सील) गेलेलं असू शकतं, मग कार्ब कितीही ट्यून करा, काही फरक पडत नाही. आणि फ्लॅन्जवाला (नटांनी आवळून बसवायचा) कार्ब असेल तर नट आवळताना जोर काढू नका, बॉडी वाकते, स्लाइड (रेस दिली की कार्बमध्ये वर जाणारा दट्ट्या) अडकते आणि वर लीकेज आहेच.

आता पायलट जेट, म्हणजे आयडलिंग आणि कमी रेसला पेट्रोल देणारं छोटं जेट. गाडी महिनोन्‌महिने उभी असली की पेट्रोल सुकून आत चिकट थर बसतो आणि हे भोक इतकं बारीक की तेवढंच पुरतं. जेट काढून उजेडासमोर धरा, गोल स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे, चंद्रकोर दिसली तर अजून घाण आहे. स्टीलची तार घालू नका, भोक मोठं होतं, क्लीनर आणि हवेचा प्रेशर मारा, फार तर वायरमधली तांब्याची एक बारीक काडी. जुन्या अमल कॉन्सेंट्रिक कार्बमध्ये बऱ्याचदा हे जेट बॉडीतच ठोकलेलं असतं, निघतच नाही, तिथे एअर स्क्रू (आयडलिंगचं हवा-पेट्रोल मिक्स्चर जुळवायचा स्क्रू) काढून त्याच वाटेने ०.०१६ इंचाचा, म्हणजे साधारण ०.४ एमएमचा ड्रिल बिट हाताने, परत सांगतो हाताने, हळूच फिरवायचा.

एअर स्क्रू पूर्ण आत अलगद टेकवून दीड फेरी बाहेर काढा आणि तिथून ट्यूनिंग सुरू करा. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल, मिकुनी व्हीएम कार्बला असतो तसा, तर आत फिरवल्यावर मिक्स्चर रिच होतं (पेट्रोलचं प्रमाण वाढतं), इंजिनच्या बाजूला असेल तर उलटं. दोन्ही टोकं गाठूनही आयडलिंग सुधरत नसेल तर पायलट जेटचा साइज चुकलाय.

आयडलिंग छान पण रेस उघडताच बाइक भूक लागल्यासारखी दचकते? मग स्लाइड बघा. घासून ढिली झाली असेल तर बाजूने हवा जाते, बोटाने हलवली की खडखडते. स्लाइड ठीक असेल आणि थ्रॉटल अजून वर नेल्यावर त्रास होत असेल तर नीडलची (स्लाइडला लटकलेल्या सुईची) क्लिप एक खाच खाली घ्या, नीडल वर येते, पेट्रोल वाढतं.

फ्लोट, म्हणजे कार्बच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग, मात्र पूर्ण वेगळं प्रकरण. सपाटीवर मस्त आणि उभ्या चढावर मरते, तर फ्लोट लेव्हल कमी आहे. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल टपकतंय तर फ्लोट व्हॉल्व्हचं टोक बघा, त्यावर गोल चर पडला की बदलायचाच, आणि फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल खुळखुळलं तर तोही गेला.

सगळं करूनही पाच-दहा मिनिटांनी बंद पडते आणि थोडं थांबलं की परत चालू होते? टाकीचं झाकण जरा ढिलं करून बघा, आत हवा जायचं भोक बुजलं असेल. तेही नसेल तर कार्ब सोडा आणि इग्निशन कॉइल तपासा.