व्हीगन राहूनही शरीराचं ऐकायचं कसं

मी व्हीगन झाले, म्हणजे दूध-अंडी-मांसासह प्राण्यांपासून मिळणारं सगळं सोडलं, त्याला आता सात वर्षं होतील. एका गोठ्यात वासराला गाईपासून ओढून नेताना पाहिलं आणि त्यानंतर चहातलं दूधसुद्धा घशाखाली उतरेना. तो निर्णय मनापासूनचा होता आणि आजही आहे. पहिली तीन वर्षं तो ज्या पद्धतीनं पाळला, ती पद्धत मात्र चुकली.

फ्रिजच्या दारावर एक यादी चिकटवली होती. सुरुवातीला तिच्यात दूध, दही, तूप, मध एवढंच होतं. मग कुठे कुठे वाचून तेल बंद, साखर बंद, दुपारच्या जेवणात फक्त कच्चं, संध्याकाळी सातनंतर काहीच नाही, अशी भर पडत गेली. तिसऱ्या वर्षी तळपायांना मुंग्या यायला लागल्या. एक जिना चढला तरी धाप लागे, केस हातात येत आणि पाळी दोन-दोन महिने लांबे. यादीप्रमाणे सगळं बरोबर चाललं होतं, म्हणून मी शरीराकडे लक्षच दिलं नाही.

पुढे जे शिकले ते क्रमानं लिहिते. त्याआधी एक सूचना. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, मधुमेहाची औषधं घेणारे आणि खाण्याशी ज्यांचं नातं आधी कधी बिघडलं होतं अशा माणसांनी हे एकट्यानं करू नये. सोबत डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ हवेत.

पहिली पायरी : नियमांचे दोन ढीग करा

एका कागदावर स्वतःचे खाण्याचे सगळे नियम लिहा. मनातल्या मनात पाळता तेही लिहा. मग प्रत्येकासमोर एकच प्रश्न विचारा : हा नियम मोडला तर कुठल्या प्राण्याला त्रास होतो?

दूध, अंडी, मध यांचं उत्तर लगेच मिळतं. तेल, साखर, शिजवलेलं अन्न, रात्रीचं जेवण यांचं उत्तर मिळतच नाही, कारण त्यांचा व्हीगन असण्याशी संबंध नाही. ते भीतीतून, वजनाच्या काळजीतून किंवा ‘शुद्ध’ राहण्याच्या ओढीतून आलेले असतात. माझ्या यादीत असे नियम निम्म्याहून जास्त निघाले. हा दुसरा ढीग आजच बाजूला ठेवा.

पहिला ढीगही दगडावरची रेघ नाही. ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी घडवला, तेव्हाच व्हीगन सोसायटी स्थापन झाली. आज ही संस्था जी व्याख्या देते तिच्यात प्राण्यांचं शोषण ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं’ टाळावं असे शब्द आहेत. माणसाच्या तब्येतीला जागा त्या व्याख्येतच आहे. आपल्याकडच्या उपासातही ती होतीच. आजारी माणूस, पोटुशी बाई, लहान मूल आणि म्हातारी माणसं यांना कुणी उपास धरायला लावत नसे. माझी आजी सगळ्या एकादश्या करायची, पण ताप आला की वरणभात खायची आणि तेवढ्यानं तिचं व्रत मोडलं असं घरात कुणी म्हणत नसे.

दुसरी पायरी : पंधरा दिवस फक्त टिपून ठेवा

या पंधरा दिवसांत काही बदलायचं नाही. एक साधी वही घ्या आणि तीन वेळा लिहा : जेवायच्या आधी, जेवणानंतर दोन तासांनी आणि सकाळी उठल्या उठल्या. कॅलरी मोजायच्या नाहीत, वजन लिहायचं नाही. फक्त कसं वाटतंय ते लिहायचं.

इथे मराठी आपल्या फार कामी येते. ‘बरं वाटत नाही’ एवढं लिहून थांबू नका. मरगळ आहे की ग्लानी? कणकण आहे की कसनुसं होतंय? पोट जड आहे, फुगलंय, की तडस लागली आहे? डोकं हलकं होतंय की ठणकतंय? हे सगळे शब्द आपण घरात लहानपणापासून ऐकले आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. कणकण म्हणजे आत ताप मुरतोय. मरगळ मात्र अपुऱ्या झोपेची असू शकते, रक्त कमी असल्याचीही असू शकते. नेमका शब्द सापडला की डॉक्टरांना सांगणंही सोपं जातं.

भुकेचे प्रकार तर मुद्दाम वेगळे करा. पोटात कावळे ओरडतात ती भूक हळूहळू वाढते आणि समोर साधी भाकरी-भाजी आली तरी भागते. वखवख वेगळी. ती जेवण होऊनही राहते, काहीही खाल्लं तरी शमत नाही. नुसतं तोंड चाळवणं आणखी वेगळं. ते कंटाळ्यातून, ताणातून किंवा शेजारच्या घरातल्या फोडणीच्या वासानंही होतं. सगळ्यालाच भूक म्हणत राहिलं, तर आपण एकतर सतत खातो किंवा सतत स्वतःला आवरत राहतो.

माझ्या वहीत दहाव्या दिवशी एक गोष्ट ठळक दिसली. दुपारी एकला ज्वारीची भाकरी, बिनतेलाची पालेभाजी आणि काकडी खाल्ली की चारच्या ठोक्याला वखवख सुटे. ज्या दोन दिवशी ताटात मटकीची उसळ आणि तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी होती, त्या दोन दिवशी ती आली नाही. तीन वर्षं मी त्या चार वाजताच्या वखवखीला मनाचा दुबळेपणा समजत होते. खरं तर ते अर्धपोटी जेवण होतं.

तिसरी पायरी : मागणीचा अर्थ लावा, पण जपून

डोहाळे पुरवायचे असतात हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. शरीर मागतं तेव्हा त्याचं ऐकावं, ही समज आपल्यात आहे. तरीही ‘दह्याची आठवण येते म्हणजे शरीराला दहीच हवंय’ असं सरळ गणित नसतं. आंबट, खारट आणि स्निग्ध अशी एकत्र चव हवी असते आणि आपल्या आठवणीत ती दह्याच्या रूपात बसलेली असते. आधी सोलकढी पिऊन बघा. शेंगदाण्याचं दही लावून त्याची कढी करून बघा. आठवडाभर पोटभर जेवून, पुरेसं तेल-मीठ खाऊनही तीच ओढ राहिली तर वहीत तिच्याखाली रेघ ओढा.

एक मागणी मात्र कधीच दुर्लक्षू नका. कच्चे तांदूळ, माती, खडू किंवा बर्फ खावासा वाटणं हे बऱ्याचदा शरीरातलं लोह कमी झाल्याचं लक्षण असतं. अनेक बायका डब्यातले कच्चे तांदूळ लपून खातात आणि ती वाईट सवय समजून लाजतात. त्यात लाज कसली? रक्त तपासून घ्या.

चौथी पायरी : आधी ताट भरा

नियम सैल करायचे की नाही हे ठरवण्याआधी आपण पुरेसं खातोय का ते बघा. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोला साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात, म्हणजे ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. ३० ग्रॅम कोरड्या कडधान्याच्या उसळीतून साधारण ७ ग्रॅम मिळतात, मूठभर शेंगदाण्यांतून तेवढेच. तेवढ्याच वजनाच्या सोया वड्यांतून मात्र १५च्या आसपास मिळतात. याचा अर्थ, एक वाटी पातळ वरण आणि कोशिंबीर एवढ्यावर दिवस भागत नाही. दोन्ही जेवणांत डाळ किंवा कडधान्य हवंच. पिठलं, झुणका, डाळ-कांदा, वालाचं बिरडं, चवळीची उसळ हे आपले रोजचेच पदार्थ आहेत, त्यासाठी काही महागडं आणायला नको.

लोहाची गरज पाळी येणाऱ्या बाईला रोज सुमारे २९ मिलिग्रॅम असते. वनस्पतींतलं लोह अंगी कमी लागतं, म्हणून उसळीवर लिंबू पिळा, सोबत कच्चा पेरू किंवा टोमॅटो खा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. तासभर तरी जाऊ द्या. लोखंडी कढईत आमसूल घालून केलेल्या भाजीत थोडं लोह कढईचंही उतरतं. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, राजगिरा आणि शेवग्याचा पाला. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धांशासोबतच अंगी लागतात, त्यामुळे तेल पूर्ण बंद करण्याचा हट्ट सोडाच. माझ्या कोरड्या त्वचेत पहिला फरक फोडणी परत सुरू केल्यावर पडला.

कडधान्यं वाढवली की पोट कुरकुरतं. रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या, मोड आणा, हिंग-आलं-ओवा घाला. मुगापासून सुरुवात करून छोले-राजम्यापर्यंत महिनाभरात पोचा. कच्च्या कोशिंबिरीनं पोट फुगत असेल तर भाज्या शिजवून खा. कच्चंच खाल्लं पाहिजे असा कुठलाही कायदा नाही.

पाचवी पायरी : शरीर जे वेळेवर सांगत नाही ते रक्ताला विचारा

शरीराचं ऐका हा सल्ला इथे अपुरा पडतो आणि याच ठिकाणी मी सर्वांत जास्त किंमत मोजली. बी १२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. आधीचा त्याचा साठा यकृतात असतो आणि तो काही वर्षंही पुरू शकतो. तोवर शरीर एक शब्द बोलत नाही. बोलतं तेव्हा मज्जातंतूंना इजा सुरू झालेली असू शकते आणि उशीर झाला तर ती पूर्ण भरून येत नाही. माझ्या तळपायाच्या मुंग्या त्यातल्याच. भरपूर पालेभाजी खाणाऱ्यांना फोलेट हे ब गटातलं दुसरं जीवनसत्त्व मिळत राहतं, त्यामुळे रक्तक्षय दिसत नाही आणि बी १२ची कमतरता आणखी लपून राहते.

ही अडचण फक्त व्हीगनांची नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या गावांमधल्या गर्भवती बायकांचा १९९० च्या दशकापासून अभ्यास केला, त्यात निम्म्याहून जास्त जणींचं बी १२ कमी आढळलं. थोडंफार दूध पिणाऱ्या घरांतही हे घडतं, मग दूध पूर्ण सोडणाऱ्यांनी गोळीशिवाय राहणं म्हणजे जाणूनबुजून धोका पत्करणं आहे. इडली-डोशाच्या आंबलेल्या पिठातून किंवा स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या पुडीतून बी १२ मिळतं यावर विसंबू नका. स्पिरुलिनात जे असतं त्याचा आपल्या शरीराला उपयोग होत नाही.

वर्षातून एकदा हिमोग्राम (रक्तपेशींची तपासणी), बी १२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व तपासा. मुंग्या, धाप, तोल जाणं, जीभ लाल होऊन दुखणं यांपैकी काही असेल तर वर्ष संपायची वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. बी १२ गोळीसाठी जिवाणूंच्या मदतीनं बनवतात, त्यात प्राणी नसतो. कॅप्सूलचं वेष्टण मात्र जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असू शकतं आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांतलं ड ३ बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. पर्याय मिळत असेल तर घ्या. नसेल तर मिळेल ते औषध घ्या, इथे अडून बसू नका. आणि सैंधव वापरत असाल तर त्यात पुरेसं आयोडीन नसतं, म्हणून परत आयोडीनयुक्त मिठावर या.

सहावी पायरी : तरीही भागत नसेल तर

ताट भरलं, गोळ्या घेतल्या, तीन महिने गेले आणि तरी तब्येत सुधारत नसेल, तर डॉक्टरांशी बोलून एक गोष्ट परत आणून बघा. एकच, आणि मुदत ठरवून. समजा चार आठवडे रोज एक वाटी दही किंवा एक अंडं. वही सुरू ठेवा. चार आठवड्यांनी पानं समोर ठेवून ठरवा.

माझ्या बाबतीत त्याची गरज पडली नाही. बी १२ची इंजेक्शनं, लोहाच्या गोळ्या आणि भरलेलं ताट यांनी सहा-सात महिन्यांत मी सावरले, आणि आजही दूध घेत नाही. माझी एक मैत्रीण माझ्यासोबतच व्हीगन झाली होती. बाळंतपणानंतर तिचं वजन झपाट्यानं उतरलं, डाळी पचेनात, आणि तिनं दही-ताक परत सुरू केलं. मला सांगताना तिचे डोळे भरले होते, जणू गुन्हाच केला होता. मला वाटतं तिनं शहाणपणाचंच केलं. चामडं, रेशीम ती आजही वापरत नाही, मांस-अंडी खात नाही. एक वाटी दह्यानं तिची करुणा कमी झाली असं मी मानत नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांपासून लांब राहावं असं तुम्हालाही कळकळीनं सांगेन.

लग्नाच्या पंगतीत बसायची भीती वाटत असेल, आईच्या हातचं खाण्याआधी दहा प्रश्न विचारावे लागत असतील, एका चुकलेल्या घासानं रात्रभर झोप लागत नसेल, तर तेही वहीत लिहा. शरीराइतकंच मनही बोलत असतं, आणि असं वरचेवर होत असेल तर समुपदेशकाशी बोलायला उशीर करू नका.

पुढे

वही रोज लिहायची गरज राहत नाही. मी आता वर्षातून तीन वेळा, चैत्रात, आषाढात आणि मार्गशीर्षात, पंधरा-पंधरा दिवस लिहिते, कारण ऋतू बदलला की पोटही बदलतं. आषाढात मला उसळी जड जातात, तेव्हा मुगाचं कढण आणि मऊ भात खाते. थंडीत बाजरीची भाकरी, तिळाची चटणी आणि गूळ सहज पचतो आणि भूकही दुप्पट लागते. पहिल्या वर्षी त्या दुप्पट भुकेला मी घाबरले होते. आता मार्गशीर्ष लागला की परातीत एका भाकरीचं पीठ जास्त घेते.