पदवीचे फोटो काढताना या चुका टाळा: गाऊन, टोपी आणि नागपूरचं ऊन

धाकट्या भावाचा दीक्षान्त समारंभ डिसेंबरात होता. आई-बाबा उमरेडहून सकाळच्या एसटीने आले. समारंभ आटोपला, मग मित्रांसोबत फोटो, मग विभागापुढे, मग पायऱ्यांवर, मग टोप्या उडवणं. बाबा सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत कडुनिंबाखाली बसून होते. बोलावलं तर म्हणाले, “माहे फोटो काहून काढता, तुमचेच काढा.” त्यांना उभं केलं तोवर साडेपाच वाजून गेले होते, उजेड सरला होता आणि गाऊन परत करा म्हणून दोन फोन येऊन गेले होते. आई-बाबांसोबतचा तो एकच फोटो आमच्या घरी आहे. ट्यूबलाइटखाली काढलेला, हललेला, बाबांचे डोळे अर्धे मिटलेले.

त्यानंतर ओळखीच्या कितीतरी पोरापोरींचे पदवीचे फोटो काढले. पहिली चूक सगळीकडे तीच दिसते: घरच्यांना शेवटी ठेवणं. मित्र संध्याकाळपर्यंत थांबतात, आजीचे गुडघे थांबत नाहीत. गणेशपेठेहून सुटणारी गावची शेवटची गाडीही थांबत नाही. गाऊन अंगावर चढला की पहिली २० मिनिटं घरच्यांची. गाऊनची इस्त्री ताजी असते, केस जागेवर असतात, चेहऱ्यावर घाम नसतो. बाबा नको म्हणतील. हाताला धरून आणा. आणि एक फोटो टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवून काढाच.

वेळ ठरवताना घड्याळापेक्षा सूर्य बघा. नागपूर मुंबईच्या बरंच पूर्वेला आहे, त्यामुळे डिसेंबरात इथे सूर्य मुंबईपेक्षा जवळपास अर्धा तास आधी, साडेपाचच्या सुमारास मावळतो. “सहा वाजता भेटू” म्हणणारा ग्रुप अंधारात भेटतो. हिवाळ्यात चार ते सव्वापाच ही वेळ सोन्यासारखी. मे महिन्यात सूर्यास्त पावणेसातच्या आसपास असतो, पण पारा ४५ अंशांच्या घरात असताना काळा सिंथेटिक गाऊन दुपारी घालणं म्हणजे चक्कर ओढवून घेणं. तेव्हा सकाळी सहा ते साडेसात, नाहीतर संध्याकाळी पावणेसहानंतर. मधल्या उन्हात मोबाइलही तापतो आणि कॅमेरा आपोआप बंद पडतो. अशा वेळी फोन सावलीत, पिशवीत ठेवून थंड होऊ द्या. गरम फोनवर लगेच बर्फाचं पाणी लावू नका, आत ओल धरते.

भर दुपारीच काढावे लागले तर चौकोनी टोपी दगा देते. तिची कड डोळ्यांवर सावली टाकते आणि सगळे चेहरे अर्धे काळे येतात. इमारतीच्या सावलीत, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभे राहा. झाडाखाली चालेल, पण पानांमधून उन्हाचे कवडसे तोंडावर पडत नाहीत ना, ते आधी बघून घ्या. टोपी भुवयांच्या दोन बोटं वर, सपाट बसली पाहिजे, मागे कललेली नाही. आत दोन क्लिपा लावल्या की ती हलत नाही. गोंडा सगळ्यांचा एकाच बाजूला ठेवा, नाहीतर ग्रुप फोटो विस्कटलेला दिसतो.

चेहरे पांढरेफटक येतात, ही तक्रार मला नेहमी ऐकू येते. फ्रेममध्ये काळं कापड जास्त असलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लावा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. एवढंच.

आता हातातल्या वस्तू. मूळ पदवी प्रमाणपत्र तलावाच्या वाऱ्यात नेऊ नका. घामाचा एक डाग किंवा एक दुमड कायमची राहते. जाड कोऱ्या कागदाची सुरळी आणि लाल फीत पुरते. मूळ पदवी फोटोत हवीच असेल तर घरात काढा, आणि तो फोटो सगळीकडे टाकण्याआधी नोंदणी क्रमांक झाका. जपायची म्हणून ती लॅमिनेटही करू नका, पुढे परदेशासाठी साक्षांकन करून घेताना अडचण येते.

रंगाचा धूर भाड्याच्या गाऊनसोबत नकोच, डाग पडला की डिपॉझिट गेलं. गॅसच्या फुग्यांबद्दल मी जास्त आग्रही आहे. रस्त्यावर मिळणाऱ्या फुग्यांत बहुतेकदा हायड्रोजन असतो आणि तो पेट घेतो. केकवरची फुलबाजी आणि असे फुगे एका फ्रेममध्ये कधीही आणू नका.

अक्षरांच्या पाट्या धरायच्या असतील तर ‘पदवीधर’ सोपा शब्द आहे: पाच अक्षरं, पाच जण, जोडाक्षर नाही. पण ‘प’ धरणारा तुमच्या रांगेच्या उजव्या टोकाला हवा, म्हणजे फोटोत तो डावीकडे येतो. सेल्फीत अक्षरं उलटी आली तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये मिरर बंद करा.

टोप्या उडवताना कोपरे डोळ्याला लागतात. सरळ वर फेका, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवा आणि खाली येणाऱ्या टोपीखाली धावू नका. फोटो काढणाऱ्याने खाली बसून, आकाश मागे घेऊन, बटण दाबून धरावं. एका क्लिकवर टोपी कधीच सापडत नाही. आतल्या बाजूला चिकटपट्टीवर नाव लिहिलं की आपली टोपी परत मिळते.

जागेचं थोडक्यात. अंबाझरी तलावाच्या बांधावर संध्याकाळी सूर्य पाण्याच्या बाजूला मावळतो, म्हणून पाणी पाठीशी घेतलं की चेहरे काळे पडतात. तिथे सावलीचित्रच काढा, चेहरे आधी उरका. फुटाळा तलावावर संध्याकाळी गर्दी असते, सकाळी जा. झिरो माइलच्या दगडी खांबाजवळ वाहतूक असते, त्यामुळे रस्त्यावर उतरू नका. कॉलेजमध्ये मोठा कॅमेरा न्यायचा असेल तर आदल्या दिवशीच कार्यालयात परवानगी विचारा, गेटवर वाद घालण्यात उजेड जातो.

माझ्या ओळखीची काही मुलं, घरातली पहिली पदवी घेणारी, गाऊन घालून दीक्षाभूमीला जातात. १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथे बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, तिथे आईसोबत उभं राहणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तिथे पाट्या, फुगे, उड्या काही नको. फोटो कुठे काढता येईल ते आधी विचारून घ्या. दसऱ्याच्या आसपास लाखोंची गर्दी असते, ते दिवस सोडा.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवले की बारीक होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि आई-बाबा गाडीत बसण्याआधी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात थांबून एक फोटो छापून त्यांच्या हातात द्या. गावी पोचताच दाखवायला त्यांना तो लागतो.